हिला वाळवू कुठं?

ताई, नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते, वय ३४, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. आम्ही सात जण दर रविवारी एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये जमतो. दोघी शिवणकाम करतात, एक जण मोबाईल दुरुस्त करतो, दोन कॉलेजची मुलं आहेत आणि आयटीआयमधून निवृत्त झालेले वेल्डिंगचे सर आहेत. मागच्या डिसेंबरात आम्ही बेघर लोकांसाठी झोपायच्या १२ पेट्या केल्या. प्लायवूडच्या, खाली चाकं, वर घडीचं छप्पर. एकेकीला ४ हजार रुपये लागले, सोसायट्यांतून वर्गणी काढली. परळ आणि दादरच्या फूटपाथवर नेऊन दिल्या. तीन आठवड्यांनी गेलो तर पाच पेट्या पालिकेच्या गाडीने उचललेल्या, तीन विकलेल्या, तीन लोकांनी "आत गुदमरतं" म्हणून परत केल्या. एकीत एक आजोबा भंगाराची पोती ठेवतात. आता गटातला एक म्हणतो, यांना गरजच नाही. दुसरी म्हणते, आपण फूटपाथवरचं जगणं सोयीचं करून देतोय, तेच मुळात चूक. सर तर त्या दिवसापासून आलेच नाहीत. आमच्या हातातल्या कलेचा या लोकांना खरंच काही उपयोग आहे का? की सरळ जेवणाची पाकिटं वाटावीत?

— एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या पेट्यांचं जे झालं तेच माझ्या गोधड्यांचं झालं होतं, म्हणून ते आधी सांगते.

बरीच वर्षं झाली. लालबागला आमच्या चाळीतल्या नऊ-दहा बायका दुपारच्या एकत्र बसून गोधड्या शिवायचो. जुनी लुगडी, धोतरं, फाटलेल्या चादरी, एकावर एक थर आणि धावदोरा. एका हिवाळ्यात ४० गोधड्या झाल्या. परळला हॉस्पिटलांच्या आसपास फूटपाथवर झोपणाऱ्यांना आम्ही त्या वाटल्या. लोकांनी हात जोडले, आम्ही समाधानाने घरी आलो. जूनमध्ये पाऊस लागला. पंधरा दिवसांनी मी त्या रस्त्याने गेले, तर कचराकुंडीशेजारी आमच्याच गोधड्या पडलेल्या, काळ्या बुरशीने भरलेल्या. मला रडू आलं. जवळच एक आजी बसल्या होत्या. मी दुखावलेल्या आवाजातच विचारलं, "टाकलीत होय?" त्या म्हणाल्या, "ऊब चांगली होती गं बाई. पण हिला वाळवू कुठं?"

चार थरांची सुती गोधडी एकदा भिजली की पाणी धरून बसते, एका माणसाला उचलत नाही. चाळीत आम्हाला गॅलरी होती, गच्ची होती, दोरी होती. शिवताना ही दोरी माझ्या इतकी गृहीत होती की ती नसलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न मनाला शिवलाच नाही. मग मी आजींसमोर बसले आणि विचारलं, तुम्हाला काय लागतं? त्यांनी मांडीखालून रेक्झिनची बॅग काढली. चेन तुटलेली. आत नवऱ्याच्या कॅन्सरच्या उपचारांची फाइल, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. म्हणाल्या, "एवढी चेन तेवढी लावून दे."

रनर बदलायला मला चार मिनिटं लागली. त्या बॅगेत त्यांचं सगळं होतं.

तेव्हा तुम्हा सातजणांना माझं सांगणं हे: पुढचे तीन-चार महिने नवीन काही बनवू नका. दुरुस्तीला बसा. ज्यांच्यासाठी पेट्या केल्या त्यांच्याकडे आधीच काय आहे, त्यातलं काय मोडलंय, आणि त्यातल्या कशावर त्यांचं पोट चालतं, तिथून सुरुवात करा. का म्हणते ते तुझ्या पेट्यांवरूनच सांगते.

पाच पेट्या गाडीने उचलल्या. १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम ३१४ आहे. रस्त्यावर किंवा फूटपाथवर विनापरवाना उभं केलेलं काहीही पालिका आयुक्तांना नोटीस न देता हटवता येतं. १९८१च्या जुलैमध्ये, भर पावसात, मुंबईतल्या फूटपाथवरची घरं याच कलमाच्या आधारे हटवायला सुरुवात झाली होती. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फूटपाथवर राहणारी माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. ही माणसं फूटपाथवर राहतात ती कामाच्या जवळ राहायला हवं म्हणून, हे न्यायालयाने मान्य केलं. फूटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार मात्र राहिला. फक्त पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, कुणाला हलवू नये असं न्यायालयाने सांगितलं. मुंबईच्या पावसाची दखल निकालपत्रातसुद्धा घ्यावी लागली, हे मला नेहमी आठवतं.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. फूटपाथवर जे उभं राहतं ते डोळ्यावर येतं, आणि डोळ्यावर आलं की गाडी येते. गाडी पेटी नेते तेव्हा पेटीतलं सगळं नेते. चादर, भांडी, पोराची वह्या-पुस्तकं, आधार कार्ड. म्हणून जुनी फूटपाथवरची माणसं पहाटे झाडूवाले यायच्या आत अंथरूण गुंडाळतात, बोचकं रेलिंगला बांधतात किंवा विजेच्या खांबामागे सारतात, आणि घरातलं कुणीतरी एक दिवसभर राखण करतं. त्यांच्या उपयोगाची वस्तू एका हाताने उचलता आली पाहिजे, गुंडाळल्यावर काखेत मावली पाहिजे आणि दुरून झोपडीसारखी दिसता कामा नये. तुमच्या पेटीत यातलं काही नव्हतं. सरांचं वेल्डिंग कितीही चांगलं असलं तरी त्यावर इलाज नव्हता.

गुदमरतं म्हणाले, तेही खरं मान. अशा बंद पेट्यांची कल्पना थंडीने माणूस गोठून मरतो अशा देशांतून आली आहे. तिथे पेटीतली कोंडलेली हवा जीव वाचवते. आपल्याकडे मे महिन्याच्या घामात प्लायवूडच्या पेटीत कोण झोपेल? त्याहून मोठी गोष्ट एका बाईने मला दादरला पुलाखाली सांगितली होती. त्या बायका डोक्याला डोकं लावून ओळीत झोपतात, मुली मधोमध. कुणी जवळ आलं की एकीला तरी चाहूल लागते. बंद पेटीत झोपलेल्या एकट्या बाईला बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही, आणि आत काय चाललंय ते बाहेरच्यांना कळत नाही. आपल्याला भिंत म्हणजे आसरा वाटतो, त्यांना ती भीती वाटू शकते.

आणि ज्यांनी पेट्या विकल्या त्यांच्यावर रागवू नका. दिलेली वस्तू त्यांची झाली. तीनशे-चारशे आले असतील. त्यात औषध आलं असेल, गावाकडं पैसे गेले असतील, दारूसुद्धा आली असेल. आपण भेट दिलेल्या मिक्सरचा हिशेब नातेवाइकांकडे मागत नाही. "यांना गरजच नाही" म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला सांग, गरज होती, पेटीची नव्हती.

आता दुरुस्तीचं. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण मी यातच सगळ्यात जास्त शिकले.

एक जागा आणि एक वेळ ठरवा आणि ती सोडू नका. रविवारचीच हवी असं नाही. भंगार गोळा करणारे पहाटे निघतात आणि दुपारी मोकळे होतात, नाक्यावर काम शोधणारे दहाच्या पुढे काम नाही मिळालं तर परत येतात, लग्नात वाढपी म्हणून जाणारे मध्यरात्री परततात आणि उशिरापर्यंत झोपतात. आधी दोन फेऱ्या नुसत्या मारा आणि विचारा, कधी आलो तर चालेल? झोपलेल्या माणसाला उठवून काही देऊ नका. रात्री दहानंतर गाडीतून उतरून ब्लँकेट टाकून जाणारे लोक मी पाहिलेत, दचकून उठलेली पोरंही पाहिलीत.

सोबत थोडंच न्या. हाताने फिरवायचं शिवणयंत्र (पायाचं नको, उचलत नाही), जाड नायलॉनचा दोरा, चांभाराची आरी, पक्कड, पॉप रिव्हेटची गन, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, वेगवेगळ्या मापांचे चेनचे रनर, चष्म्याचे बारीक स्क्रू, कुबडीचे रबरी बूट, सायकलचं पंक्चर काढायचं सामान. हत्यारं नागदेवी स्ट्रीटला मिळतील, मोबाईलवाल्याला लॅमिंग्टन रोड माहीत असेलच. शिवणयंत्र सोडलं तर हजार-दीड हजारात पहिला डबा भरतो. एका पेटीच्या खर्चात अशा दोन डब्यांचं सामान येतं.

मग काय येतं बघ. बॅगेच्या चेनी सगळ्यात जास्त. त्यानंतर चपला. चप्पल शिवणं हे मला आधी किरकोळ काम वाटायचं. पण पावसाळ्यात उंदराच्या मुतातून पाण्यात आलेला लेप्टो तापाचा जंतू पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतो. रस्त्यावरच्या माणसाला साचलेल्या पाण्यातून जाणं टाळता येत नाही, निदान पायात धड काही असलं तर जखमा कमी होतात. (जखम असताना असं पाणी तुडवलं असेल तर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन औषध घ्यायचं, हे तुमच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला तोंडी सांगत जा. जूनपासून तर नक्कीच.) त्यानंतर चष्म्याच्या काड्या. मोबाईलची चार्जिंगची पिन, जी बऱ्याचदा खराब नसतेच, आत खिशातला धागा आणि चिखल बसलेला असतो, टूथपिकने निघतो. व्हीलचेअरचं पंक्चर. छत्रीच्या काड्या. आणि हातगाडीचं चाक.

हातगाडीचं चाक सगळ्यात महत्त्वाचं. भंगारवाल्याच्या गाडीचं बेअरिंग गेलं की तो दिवसाला एक फेरी कमी करतो, म्हणजे रात्रीचं एक जेवण कमी. गजरे विकणारीची टोपली, खेळणी विकणाऱ्याची बांबूची काठी, लिंबू-मिरची ओवणारीची सुई आणि पेटी, नाक्यावरच्या रंगाऱ्याची शिडी. जेवणाची पाकिटं वाटायची का असं विचारलंस. वाटणारे बरेच आहेत, काही ठिकाणी एका रात्रीत तीन-तीन गाड्या येतात आणि अन्न उरतं. गाडीचं चाक दुरुस्त करून देणारं कुणी येत नाही.

आणखी एक, आणि हे मी आग्रहाने सांगते. पहिल्याच दिवशी विचारा, इथं कुणाला शिवता येतं? सुतारकाम कुणाला येतं? आम्ही बसायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं, की ज्या माणसाला मी चेन लावायला शिकवत होते तो वीस वर्षं धारावीत चामड्याच्या बॅगा शिवत होता. त्याने माझ्या हातातली आरी घेतली आणि माझ्यापेक्षा नीट टाका घातला. पुढं तो आमच्याबरोबर बसायला लागला आणि आम्ही त्याला दिवसाची मजुरी देत होतो. तुम्हीही द्या. वर्गणीतला पैसा प्लायवूडवर घालण्याऐवजी अशा मजुरीवर घाला. आपण सेवा म्हणून फुकट बसतो ते ठीक, कारण आपलं पोट दुसरीकडे भरतं. त्याला फुकट बसवणं बरोबर नाही.

तुला हे नवीन वाटत असेल तर भायखळ्याची गोष्ट ऐक. १९८०च्या दशकात, टेलिस खटल्याच्या त्याच काळात, भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायका 'स्पार्क' या संस्थेबरोबर एकत्र आल्या. त्यांनी आपली माणसं स्वतः मोजली, बचत सुरू केली, 'महिला मिलन' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. घर कधीतरी मिळेल तेव्हा ते कसं हवं, याचा विचार त्यांनी इंजिनिअरवर सोडला नाही. साडीने मापं घेतली, कारण साडी किती लांब असते हे प्रत्येकीला ठाऊक होतं. खोलीचा पूर्ण आकाराचा नमुना उभारून लोकांना आत चालायला लावलं. त्यातून १४ फूट उंच खोली आणि आत पोटमाळा असा आराखडा आला, म्हणजे लहान जागेतही एक कुटुंब दोन पातळ्यांवर निजू शकेल. पुढे मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं ते याच बायकांच्या कष्टातून. या शहरात फूटपाथवरची बाई घराचा आराखडा काढू शकते हे सिद्ध झाल्याला चाळीस वर्षं होत आली. तुम्ही तर साध्या झोपायच्या वस्तूचा आराखडा काढत होतात. त्यांना विचारलं असतंत तर पहिल्या पेटीच्या आधीच त्यांनी सांगितलं असतं.

तीन-चार महिने असे बसलात की काय बनवायचं ते आपोआप कळेल. तुमच्या भागात वेगळं निघेल कदाचित. आमच्याकडे पुन्हापुन्हा निघालेली वस्तू म्हणजे कागदपत्रांची पिशवी. ती कशी करायची ते सांगते, कारण पावसाळ्याआधी शंभर करून ठेवल्यात तरी कमीच पडतील.

माप असं ठेवा, की ए-फोर कागद एकदा दुमडून सपाट बसेल. आधार, रेशन कार्ड, पोराचा जन्मदाखला, हॉस्पिटलची फाइल, थोडे पैसे. कमरेला, कपड्यांच्या आत बांधता यावी, म्हणजे झोपेतही अंगावर राहील आणि गाडीने बोचकं नेलं तरी कागद वाचतील. कापड म्हणून ट्रकच्या ताडपत्रीचे तुकडे उत्तम, जुने फ्लेक्सही चालतात. छापलेली बाजू आत घ्या, कुणा पुढाऱ्याचा चेहरा पोटावर बांधून फिरायला लावू नका. शिवलीत तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरतं, म्हणून बाजू गरम करून चिकटवा. ताडपत्री जोडणारे कारागीर हॉट एअर गन वापरतात, ती सरांच्या हातात लगेच बसेल. काम उघड्यावरच करा आणि उष्णता कमीत कमी ठेवा, कारण फ्लेक्स आणि ताडपत्रीतलं पीव्हीसी जास्त तापलं की डोळे-नाक झोंबणारा घातक धूर निघतो. तोंडाला चेन नको. तोंड तीनदा गुंडाळून दोन्ही टोकं क्लिपने अडकवायची. प्रत्येक पिशवीत कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा घालून अर्धा तास पाण्याच्या बादलीत दाबून ठेवा. कागद ओला निघाला तर ती पिशवी देऊ नका, पुन्हा नव्याने करा. आणि तुमच्या गटाचं नाव त्यावर छापू नका.

पिशवी रिकामी असेल तर तीत घालायचे कागद मिळवायलाही थोडी मदत करा. बेघर माणसाला मतदार यादीत नाव नोंदवता येतं. फॉर्म ६ वर तो झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची, आणि निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे मतदान केंद्राचा अधिकारी रात्री जाऊन तो तिथं खरंच झोपतो का हे पाहतो. कॉलेजची दोन मुलं आहेत ना तुमच्यात? हे काम त्यांना द्या. फोटो मात्र कुणाचेच काढायचे नाहीत, कागदांचेही नाहीत, जोवर तो माणूस स्वतः म्हणत नाही.

अंथरायला सहा बाय चार फुटांची ताडपत्री, कडेला आयलेट (दोरी ओवायची धातूची भोकं) आणि गुंडाळून बांधायची पट्टी, एवढं पुरतं. वर मच्छरदाणी लागते, पण ती रेलिंगला कशी बांधायची हे त्या त्या जागेवर बसूनच ठरतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या पोरांसाठी आधी करा.

मोबाईल चार्जिंगचा सोलर खांब करायचा मोह तुमच्या मोबाईलवाल्या मित्राला होईल, मला माहीत आहे. त्याला हिशेब मांडायला सांग. आजच्या एका फोनला, वाया जाणारं धरून, साधारण २५ वॅट-अवर लागतात. वीस फोन म्हणजे ५००. शंभर वॅटचं पॅनेल लख्ख उन्हात दिवसाला ४०० च्या आसपास देईल, जुलैत त्याहून बरंच कमी. शिवाय खांब उभा राहिला की कलम ३१४ आलंच. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल तर फूटपाथवर, पोरं आणि अंथरुणं असतात तिथं, अजिबात नेऊ नका. असा सेल पेटला की पाण्यानेही सहजी आवरत नाही. त्यापेक्षा मीटर असलेली एखादी जागा शोधा, देऊळ, वाचनालय, ओळखीचा पानवाला. तिथं कुलूप लावता येतील असे खण असलेलं चार्जिंगचं कपाट करून द्या. फोन चार्जिंगला लावून माणूस कामावर जाऊ शकला पाहिजे. पहारा देत बसावं लागलं तर त्याचा रोज बुडतो.

आता तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचा आक्षेप. फूटपाथवरचं जगणं सोयीचं करून आपण घराचा प्रश्न मागे ढकलतो का? तिला माझ्याकडून सांग की तिची काळजी योग्य आहे. २०११च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर माणसं मोजली गेली, आणि रात्री फूटपाथवर चालणाऱ्या कुणालाही हा आकडा कमीच वाटेल. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर आणि चोवीस तास चालणारा निवारा हवा. २०११च्या मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने १२४ निवारे झाले. शहर त्याच्या आसपासही नाही. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाच्या नियमात निवाऱ्यात दर माणशी ५० चौरस फूट जागा असावी असंही लिहिलं होतं. ही मागणी लावून धरणाऱ्या संस्था मुंबईत आहेत. तुमच्यातल्या ज्यांना शक्य आहे त्यांनी त्यांच्या बैठकांना जावं, वॉर्ड ऑफिसात निवेदन घेऊन जाताना सोबत उभं राहावं.

पण निवारा मिळेपर्यंत चेन तुटलेलीच ठेवावी, हे मला पटत नाही. त्या आजींची फाइल भिजली असती तर त्यांच्या नवऱ्याच्या पुढच्या तपासणीचं काय झालं असतं?

शिवाय हातांचं काम निवाऱ्यांतही आहे. निवारा असून माणसं तिथं का जात नाहीत, हे जाऊन पाहा. नवराबायकोला एकत्र राहता येत नाही, हातगाडी ठेवायला जागा नाही, सामानाला कुलूप नाही. पहिली गोष्ट तुमच्या हातात नाही, बाकीच्या दोन आहेत. एका ठिकाणी बायकांच्या मोरीच्या दाराला आतून कडीच नव्हती. दार लागत नाही म्हणून दोन मुली पहाटे चारला, अंधारात, आंघोळ उरकत होत्या. कडीला ६० रुपये आणि दहा मिनिटं लागली. चालवणाऱ्यांची परवानगी घ्या, त्यांच्यावर ठपका ठेवायला जाऊ नका, त्यांच्याकडेही माणसं आणि पैसे दोन्ही कमी असतात.

परत आलेल्या तीन पेट्या मोडा. त्या प्लायवूडचे कुलपाचे खण होतील, किंवा फूटपाथवरच्या पोरांसाठी मांडीवर ठेवायच्या लिहायच्या पाट्या. पण मोडायच्या आधी त्या भंगारवाल्या आजोबांकडे जा. बारा जणांत त्या एकट्याने तुमची वस्तू वापरात आणली आहे. त्यात पोती ठेवली, म्हणजे त्याला सामान ठेवायची कोरडी, चाकं असलेली जागा हवी होती. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ही आणखी कशी असती तर बरं झालं असतं?

आणि सरांकडे तू स्वतः जा, फोन करू नकोस. आयुष्यभर पोरांना वेल्डिंग शिकवलेल्या माणसाची वस्तू रस्त्यावरून उचलून नेली, ते त्यांना लागलंय. त्यांना पेट्यांबद्दल काही समजावू नकोस. त्या आजोबांची हातगाडी आहे का, तिचं डावं-उजवं चाक कसं आहे, आसाला कुठं चीर आहे, हे आधी नीट पाहून ये, जमलं तर मापंही घेऊन ये. मग सरांना ती मापं दाखव आणि विचार, सर, हे रस्त्यावर, वीज नसताना कसं जोडायचं?